दैवशालाबाईंच्या वेलीचा उपास

वडीगोद्रीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: दैवशालाबाईंच्या घरी भरल्या पोटी जाऊ नये. भुकेलेला माणूस दोन भाकरी खाऊन सुटतो. पोट भरलेल्याची मात्र धडगत नाही. त्याचं पोट भरलेलं आहे हे बाईंना पटत नाही, आणि पटेपर्यंत त्या वाढत राहतात. विजेचं रीडिंग घेणारा माणूस त्यांच्या गल्लीत मुद्दाम चार वाजता येतो, म्हणजे जेवणाची वेळ टळलेली आणि चहाची अजून व्हायची. तरी दिवाळीच्या आधी त्याला मीटरखाली उभ्या उभ्या थालीपीठ खावं लागलंच.

स्वभाव असा होता म्हणून बाईंना अंगणवाडीची नोकरी मानवली, की नोकरीने स्वभाव असा केला, हे त्यांचे यजमान धर्मराज यांनाही सांगता येत नाही. ते बहुतेक वेळ शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या खोपटात, असतात. का, म्हणून विचारलं तर "तिथं मापात जेवता येतं" एवढंच सांगतात.

चौतीस वर्षं बाईंनी गावातली पोरं तोलली. पोरगं काट्याच्या झोळीत टाकायचं, वजन लिहायचं, मग दंडाला हिरव्या-पिवळ्या-लाल रंगाची पट्टी गुंडाळून दंडघेर बघायचा. हिरव्यात आलं तर ठीक. पिवळ्यात आलं तर पोराच्या आईची हजेरी. आणि लाल आलं, तर बाईंची झोप उडायची आणि त्या घराचीही, कारण मग बाई सकाळ-संध्याकाळ गृहभेटीला यायच्या आणि पोराच्या तोंडात खिचडी गेल्याशिवाय उंबऱ्यावरून हलायच्या नाहीत. "माझ्या हातचं लेकरू वाळलं न्हाई," असं त्या छातीवर हात ठेवून सांगत, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सगळ्यांत लाल निघालेलं पोर म्हणजे भारत. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर म्हाताऱ्या आजीजवळ, आणि अडीच वर्षांच्या पोराचं वजन सव्वासात किलो. बाईंनी त्याला काखोटीला मारून सरळ घरी आणलं आणि स्वतःच्या मुलाच्या, हरिओमच्या, ताटात जेवायला बसवलं. आज तो भारत तिशीत आहे. हायवेला त्याची रोपांची नर्सरी आहे, आणि तो दुचाकीवर बसला की मागचं चाक चपटं होतं. कुणी त्याच्या अंगावरून बोललं तर बाई अभिमानाने म्हणतात, "म्या केलंय ते."

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत सरकारने बाईंच्या हातात मोबाइल दिला. आता नुसतं वजन लिहून भागेना. लाभार्थ्याचा फोटो काढून वर पाठवायचा. चेहरा समोर हवा, डोळे उघडे हवेत, नाहीतर मोबाइल म्हणायचा, परत काढा. इकडे मोबाइल पुढे केला की पोरं भोकाड पसरायची. बाकीच्या सेविका कपाळाला हात लावून बसल्या, बाई मात्र शिकल्या. पोरासमोर फतकल मारायची, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं, तोंडाने चिमणीचा आवाज काढायचा आणि त्याने बघितलं की बोट दाबायचं. "वरनं फोटो काढला की लेकरू भिकेला लागल्यावानी दिसतं," हा त्यांचा सिद्धान्त.

पासष्टीला बाई निवृत्त झाल्या. सत्काराला शाल, नारळ, साडी असं सगळं रीतीप्रमाणे झालं. भारत मात्र काळ्या पिशवीतलं एक वीतभर रोप घेऊन आला. पिशवीला रंगीत चित्र लावलेलं होतं. पांढऱ्याशुभ्र, इवल्याइवल्या हृदयांचा घोस आणि प्रत्येक हृदयाच्या टोकातून बाहेर आलेला लालभडक थेंब.

"बाई, ब्लीडिंग हार्ट म्हणत्यात ह्याला," भारत म्हणाला. "काळजातून रक्त गळून राह्यलंय, असं."

"रक्त गळून राह्यलंय अन् तू ते सत्काराला आणलंस? आधीच गावातल्या बायांचं हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना."

पण चित्रावरून बाईंची नजर हटेना. घरी आल्यावर त्यांनी सेविकांच्या ग्रुपवर त्या चित्राचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, फुलं आली की खरा फोटो पाठवते.

तीन वर्षं गेली. फूल आलं नाही.

पानं मात्र अशी आली की विचारू नका. फाटकाजवळ लावलेली वेल सज्ज्यावर गेली, सज्ज्यावरून गच्चीवर गेली आणि तिथली डिश अँटेना तिने पोटात घेतली. का नाही जाणार? तांदळाचं धुवण तिला, ताक तिला, शेणकाला तिला, गुळाचं पाणी तिला, हरिओमने कापसाला आणलेल्या युरियातला मूठमूठभर युरियाही तिलाच. घरात उरलेल्या लोहाच्या गोळ्यासुद्धा बाईंनी खलबत्त्यात कुटून घातल्या. दर महिन्याच्या एक तारखेला त्या जुनी पट्टी काढून वेलीचा दंडघेर मोजत. करंगळीएवढं खोड ते, पट्टी लालच दाखवणार. लाल दिसलं की बाई आणखी घालत. धर्मराज एकदा आखाड्यावरून आले, वेलीकडे बघून म्हणाले, "एवढं म्हशीला घातलं असतं तर वर्षात दोनदा व्याली असती," आणि जेवायच्या आत परत गेले. ग्रुपवर दर सोमवारी कुणी ना कुणी विचारायचंच: ताई, फुलं कवा?

बाई हसण्यावारी न्यायच्या, पण ते त्यांना लागायचं. आपल्या हाताने वाढवलेलं काहीतरी आपल्यादेखत कमी पडतंय, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सोसावं लागत होतं.

त्यात दिवाळीनंतर हरिओमने गाडी घेतली. जुनीच, पण पांढरी, चकचकीत. ती उन्हात उभी राहते हे त्याच्या जिवाला लागलं. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "माय, गुढीपाडव्याला फाटकापाशी पत्र्याचं शेड टाकतो. वेल काढावी लागंल."

"काढावी म्हंजी?"

"उपटावी. तीन वर्षं झाली, कशाची फुलं न् कशाचं काय. नुसता पाला. घरात शेळी असती तर निदान तिच्या कामी आला असता."

"अन् पाडव्याच्या आत फुलं आली तर?"

हरिओम हसला. "आली तर न्हाई टाकत शेड. तुझी आन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हायवेपर्यंत चालत गेल्या आणि भारतला त्याच्याच दुचाकीवरून घेऊन आल्या. भारतने वेलीभोवती एक फेरी मारली, एक पान दुमडून बघितलं, मुळाशी बोट खुपसून वास घेतला आणि हसला.

"बाई, हिला काही झालं न्हाई. हिचं पोट भरलंय. पोट भरल्यावर कोण कशाला फुलंल? पानं काढीत मजेत बसलीया."

"मंग काय करू?"

"मार्गशीर्षापासून पाणी बंद. खत तर बिलकुल बंद. पानं गळू द्यायची. माघात निम्म्याच्या वर छाटायची. कोंब फुटले की मंग थोडं थोडं पाणी. चैत्राच्या तोंडाला फुलं न्हाई आली तर माझं नाव बदला."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "उपाशी ठिवू?"

"दोन-अडीच महिने फक्त."

"भारत, सव्वासात किलोचा आणला व्हता तुला म्या. खिचडी तोंडात घेत नव्हतास तर नाक दाबून भरवली. अन् आज तू मला लेकरू उपाशी ठिवायला शिकवतो?"

"बाई, ते लेकरू न्हाई. वेल हाये."

"तूबी वेलच व्हतास. हिच्याहून बारीक."

जाताना भारतने बाईंच्या सुनेला, अर्पिताला, बाजूला घेतलं. "वहिनी, पाण्याच्या नळीवर ध्यान ठेवा. बाईच्यानं हे व्हनार न्हाई."

मार्गशीर्ष लागला. अर्पिताने नळी गुंडाळून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. पहिले तीन दिवस बाई बऱ्या होत्या. चौथ्या दिवशी त्या चूळ भरायला फाटकाशी गेल्या.

"आत्या, मोरी तिकडं हाये," अर्पिता म्हणाली.

मग जेवल्यावर हात धुवायला फाटकाशी. मग भाजी धुतलेलं पाणी "चुकून" फाटकाशी सांडलं. आठव्या दिवशी तर बाई पहाटे अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन, भरला तांब्या दोन्ही हातांत धरून सूर्याला अर्घ्य द्यायला निघाल्या. अडुसष्ट वर्षांत त्यांनी सूर्याला कधी थेंबभर पाणी दिलं नव्हतं.

"आत्या," अर्पिता खिडकीतून म्हणाली, "सूर्य डाव्या अंगाला उगवतोय."

बाईंनी तांब्या तसाच परत आणला आणि रागाने स्वतःच पिऊन टाकला.

पानं पिवळी पडली, माना टाकू लागली. समोरच्या तुळजाबाई रस्ता ओलांडून बघायला आल्या. तुळजाबाईंचा जीव चांगला, पण आवाज सबंध गल्लीला पुरेल एवढा.

"काय वं दैवशाला, वेल काहून सुकली? तुझ्या घरी राहून उपाशी?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी सांगायचं म्हणून त्या म्हणाल्या, "उपास हाये तिचा. मार्गशीर्षातला."

"मंग फराळाचं तरी दे काही!" तुळजाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी साबुदाणा भिजवलेलं पाणी वाटीत घेऊन खरंच हजर झाल्या. अर्पिताने त्यांना फाटकातच अडवलं. ती वाटी बघून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

खरं सांगायचं तर ते दोन-अडीच महिने बाईंना फार जड गेले. पहिला घास उचलला की नजर फाटकाकडे जायची आणि घास खाली यायचा. बाहेर पोर रडतंय आणि आपण दार लावून जेवतोय, असं त्यांना वाटायचं. त्यांचं वाढणंही मंदावलं. रीडिंगवाला त्या महिन्यात नेहमीसारखा चार वाजता आला, घाबरत घाबरत मीटर बघितलं आणि चक्क तसाच बाहेर पडला. कुणी थांबवलं नाही. त्याला राहवेना. कोपऱ्यावर तुळजाबाईंना गाठून त्याने विचारलं, "त्या घरात कुणी आजारी हाये का?"

माघात भारत कात्री घेऊन आला. बाई आत गेल्या आणि टीव्हीचा आवाज मोठा करून बसल्या. तासाभराने बाहेर येऊन बघतात तर डिश अँटेना मोकळी, गच्ची मोकळी, आणि फाटकाच्या कमानीवर वेलीची चार-सहा काटकं. हरिओम म्हणाला, "बरं झालं. उपटायला सोपं केलं मला."

बाई त्याच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

होळीच्या आधी काटकांवर कोंब फुटले. भारतने फोनवर परवानगी दिली: दिवसाआड एक तांब्या. बाई तो तांब्या डोळ्यांपाशी धरून काठोकाठ भरत आणि वेलीपर्यंत असा नेत की वाटेत थेंब सांडू नये. कोंबांची पानं झाली आणि होळी झाल्यावर पानांच्या बगलेत हिरवे मणी दिसले. मण्यांचे पांढरे फुगे झाले, घोसच्या घोस, कमानीवरून खाली लोंबायला लागले. पण नुसते पांढरे. लाल थेंबाचा पत्ता नाही.

"ही फुलं न्हाईत," हरिओम म्हणाला. "पांढरी पानं हायेत ही. चित्रात लाल व्हतं." तोपर्यंत जालन्याहून पाइप आणि पत्रे येऊन भिंतीला टेकले होते. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातला वेल्डिंगवाला येणार होता.

त्या दिवशी बाई उजाडायच्या आत फाटकाशी गेल्या. अंधारात काही दिसेना, म्हणून खुर्ची टाकून बसल्या. उजाडलं. आणि एका पांढऱ्या फुग्याच्या टोकातून लाल जिभली बाहेर आलेली दिसली. मग दुसऱ्या. ऊन कमानीवर येईपर्यंत सबंध घोस लाल ठिपक्यांनी भरला. बाईंनी हात जोडले, मग डोळे पुसले, मग मोबाइल काढला.

आणि घोटाळा तिथेच झाला. उभं राहून फोटो काढला तर फुलांच्या नुसत्या पाठी आल्या. फुलं सगळी खाली तोंड करून लोंबत होती. बाई खाली बसल्या, तरी पाठीच. लाभार्थ्याचा चेहरा दिसत नाही तो फोटो बाईंच्या लेखी फोटोच नव्हे. त्यांनी एक पोतं आणलं, कमानीखाली अंथरलं आणि चक्क उताण्या झोपल्या. आत गाडी आणि पाइप असल्यामुळे पाय फाटकाबाहेर रस्त्यावर गेले. सगळी फुलं आता तोंडाकडे तोंड करून बघत होती. बाईंनी मोबाइल छातीवर धरला आणि सवयीने चिमणीचा आवाज सुरू केला.

समोर तुळजाबाई सडा टाकायला बाहेर आल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: दैवशालाच्या फाटकातून बाहेर आलेले दोन पाय, आणि आतून घशातून निघणारा चमत्कारिक आवाज.

"दैवशाला गेली वं माय!"

एका मिनिटात गल्ली जमली. तुळजाबाईंनी कांदा फोडून आणला, कुणी पाणी, कुणी नाकाला लावायला चप्पल. वेल्डिंगवालाही तेवढ्यात पोचला आणि हातातला मुखवटा छातीशी धरून आदबीने बाजूला उभा राहिला. सगळ्यांच्या सावल्या फुलांवर पडल्या.

"सरका!" पोत्यावरून आवाज आला. "उजेड अडवून राह्यले तुम्ही! अन् हलू नका, फूल हलतंय."

"बोलून राह्यली," तुळजाबाई दोन पावलं मागे सरल्या. "अंगात आलंय का काय?"

हरिओम न्हाणीतून तसाच धावत आला. कमरेला टॉवेल, डोक्याला साबणाचा फेस. "माय! माय वं!" करत तो गुडघ्यांवर बसला आणि आईचं डोकं त्याने मांडीवर घेतलं. एवढा मोठा बाप्या गडी, गल्लीच्या देखत रडायला लागला.

"रडू नको, मोबाइलवर फेस पडून राह्यला," बाई म्हणाल्या. "खाली झोप."

"आँ?"

"झोप इथं माझ्याशेजारी. वरनं न्हाई दिसत ते."

हरिओम भुईवर आडवा झाला आणि त्याने वर बघितलं. चाळीसेक पांढरी काळजं त्याच्या तोंडावर लोंबत होती. सकाळचं ऊन पांढऱ्यातून आरपार येत होतं आणि प्रत्येकाच्या टोकाला ताजा लाल थेंब, त्यातून बाहेर आलेले बारीक दोरे. तीन वर्षं तो या कमानीखालून रोज ये-जा करत होता.

"दादा," वेल्डिंगवाल्याने विचारलं, "कुठून सुरू करू?"

"पत्रे वापस ने," हरिओम झोपल्या झोपल्या म्हणाला. "नुसते पाइप उभे कर. वेल चढू दे त्यावर."

"सरक रे, मलाबी बघू दे," म्हणत तुळजाबाई फोडलेल्या कांद्यासकट दोघांच्या मध्ये आडव्या झाल्या. त्या दिवशी बाईंनी एकशे चौदा फोटो काढले. ग्रुपवर नऊ टाकले. दुपारपर्यंत परतूरपासून अंबडपर्यंतच्या सेविका अंगठे आणि हात जोडलेली चित्रं पाठवत होत्या, आणि बाई प्रत्येकीला वेगळं उत्तर देत होत्या.

संध्याकाळी त्यांनी भारतला फोन लावला.

"तुझं खरं निघालं रे भारत."

"आली न्हाई का, बाई? म्या म्हणलो व्हतो."

"आली. लय देखणी आली. पण ते महिने माझे कसे गेले ते माझं मला माहीत. घास उतरत नव्हता. परत असलं काही सांगू नको मला."

पलीकडे भारत खाकरला. "बाई... ते दरसाल करावं लागतंय. पुढल्या मार्गशीर्षात परत."



"मंग तूच येऊन पाणी बंद करायचं," बाई म्हणाल्या. "अन् अडीच महिने रोज येऊन मला सांगायचं, की ती मरत न्हाई म्हणून."

"येतो, बाई."

"जेवायलाच यायचं."

भारतने जरा थांबून "येतो" म्हटलं. बाईंनी फोन ठेवला, अर्पिताकडे हात पुढे करून किल्ली मागितली, नळी काढली आणि वेलीच्या बुडाशी सोडून दिली. माती तृप्त होऊन पाणी बाहेर वाहायला लागलं तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

"खाऊन घे माय," त्या वेलीला म्हणाल्या. "मार्गशीर्षाला आठच महिने हायेत."